सतरावं पान

केंद्रशाळेतून पुस्तक आलं ते एकच,
बावीस मुलांत.
कव्हरावरच्या सिंहाच्या आयाळीला आधीच बुरशी,
आणि खाऱ्या हवेनं पानं अशी चिकटलेली
की जिराफ सोडवताना त्याचा एक कान
पाणघोड्याच्या पाठीवर राहिला.

प्रत्येक पानावर तोच प्रश्न: मी कुठे राहतो?
खाली छापील उत्तर,
त्याखाली दोन रिकाम्या ओळी.

सिंहाबद्दल कोणी काही बोललं नाही.
झेब्रा आला तसा वेदू गिरकर उठला,
"बाई, ह्या गाढवाक कोणी रंगवल्यान?"
जिराफ नारळ पाडायला बरा, असं ठरलं.
बिबट्याखाली छापलं होतं:
घनदाट अरण्यात, माणसांपासून दूर.
"खोटा," रुजाय म्हणाली,
"धुऱ्यांच्या कलमांत ऱ्हवता तो. आमच्या मोत्याक न्हेल्यान."
मी पेन्सिलीनं खाली लिहिलं: धुऱ्यांची कलमं.
मी घाटावरची. इथे चौथं वर्ष.
हुमले म्हणजे काय
तेसुद्धा मला चावल्यावरच कळलं.

सतराव्या पानावर खवल्या मांजर.
चित्रकारानं त्याला हसरं तोंड दिलेलं,
गालावर गुलाबी ठिपका.
हे कुठे राहतं?
शमिका तांडेल,
जी जूनपासून हजेरीलाही नुसती मान हलवते,
म्हणाली, "गोणीत."

मुलं हसली. मीही, थोडी.

"आमच्या पडवेत होता. रातभर आवाज.
आये खोबरा खवता ना, तसो.
मी भात घातलंय. खाल्ल्यान नाय.
मगे पांढरी गाडी इली."
आणि तिनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

मी पुढचं वाचलं. दुसरं काय करणार.
याला दात नसतात.
भीती वाटली की हे अंगाची गुंडाळी करतं.
याचं अन्न: मुंग्या आणि वाळवी.

"हुमले?"
हो, हुमले.
ती त्या हसऱ्या तोंडाकडे बघत राहिली,
बाकीच्यांची चुळबुळ सुरू झाली तरी.
"माका ठावक नव्हता," म्हणाली.
"हुमले तर आमच्या दारातल्या आंब्यारच हत."

संध्याकाळी किनाऱ्यानं घरी जाताना
तिचा बाप दिसला, जाळं पसरून बसलेला.
नवं जाळं, निळं,
कोपऱ्याला दुकानाची चिठ्ठी अजून तशीच.
"बाई, बांगडे देव काय?"
पाच घातले पिशवीत. पैसे घेतले नाहीत.
मी ते तळले. खाल्लेही.

पुस्तकाच्या मागच्या कव्हरावर एक नंबर आहे,
संकटातला प्राणी दिसल्यास कळवा.
सहा आकडे दाबले.
एरवी आमच्या वाडीत रेंज शोधत विहिरीपर्यंत जावं लागतं.
त्या रात्री उंबऱ्यातच चार कांड्या होत्या.

सकाळी शमिका डबा घेऊन आली,
भाजीचा, स्टीलचा, कडी घट्ट लावलेला.
पुस्तक मागितलं. सतरावं पान स्वतःच काढलं.
डब्यात आंब्याच्या पानांचं घरटं,
पांढऱ्या जाळीनं शिवलेलं.
ते तिनं त्या तोंडाजवळ उपडं केलं.

बाकावर चढून एकवीस मुलं ओरडत होती.
लाल हुमले प्रश्नावरून, उत्तरावरून,
माझ्या मनगटावरून वर चढत होते,
आणि ती उकिडवी बसून,
दोन्ही हात चावून घेत,
हळूच म्हणत होती, "खा. खा रे."

त्यानंतर पुस्तक कपाटात आहे.
उघडलं की आंबट वास येतो.
अठराव्या पानावर गवा आहे.
बाई, पुढचा पान कधी,
वेदू रोज विचारतो.